दारू सोडली, पण डोकं जाग्यावर येईना: वाचकांचे प्रश्न

दारू सोडून बारा दिवस झाले. गुऱ्हाळाचा हिशेब हे पूर्वी तोंडी करायचे, आता गुळाचे रवे मोजतानाच चुकतात. डोक्याला चुंबकाचे ठोके देणारी ट्रीटमेंट, आरटीएमएस, लगेच सुरू करू का? (कागल)

थोडं थांबा, ताई. दारूमुळं लक्ष, मनातली आकडेमोड आणि पुढचं ठरवणं आधी ढासळतं. दारू पूर्ण बंद राहिली तर पहिल्या काही आठवड्यांत त्यातलं बरंच आपोआप सावरतं. म्हणून स्मरणशक्तीची चाचणी किमान दोन आठवड्यांनी करा, नाहीतर आकडे फसवतात. आत्ता गरज आहे ती थायमिनची, म्हणजे बी-१ ची. दारू पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला इंजेक्शन देतात. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन आधी. तोल जाणं, डोळे भिरभिरणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. इथं उशीर झाला तर नवीन काही लक्षात ठेवण्याची ताकद कायमची जाऊ शकते.

आरटीएमएस म्हणजे शॉकच ना? मी शिरोलीत फाउंड्रीत ग्राइंडिंगला आहे. (शिरोली एमआयडीसी)

नाही. विजेचा शॉक भूल देऊन देतात, त्यात मुद्दाम फिट आणली जाते. आरटीएमएसमध्ये चुंबकाचे ठोके देतात आणि तुम्ही खुर्चीत जागे असता. इंग्रजी 8 च्या आकाराची कॉइल डोक्यावर धरून आधी अशी जागा शोधतात, जिथं विरुद्ध हाताचा अंगठा उडतो. दहापैकी पाच वेळा तो उडवणारी सर्वांत कमी ताकद हे तुमचं माप. त्यावरून उपचाराची ताकद ठरते आणि कॉइल कपाळाच्या वरच्या बाजूला सरकवतात. सेकंदाला 10 ठोके, काही सेकंद चालू, मग विश्रांती. आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे. आवाज मोठा असतो, कानात बोळे हवेतच.

तुमच्या कामामुळं एक गोष्ट आवर्जून सांगा: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? गेला असेल तर आधी एक्स-रे. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर तेही. फिट येण्याचा धोका फार कमी, पण दारू सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस, जागरण, आणि ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रोपिऑनसारखी औषधं तो वाढवतात. मध्ये प्यालात तर लपवू नका, सेशन पुढं ढकलता येतं.

डोक्याला हलका करंट देणारं बॅटरीचं यंत्र ऑनलाइन मिळतं, घरी लावलं तर? (इचलकरंजी)

नको. दवाखान्यात साधारण 2 मिलीअँपिअर करंट 20 मिनिटं, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजातून देतात. स्पंज सुकला की करंट एका कडेला एकवटतो आणि कातडी भाजते. उजवी-डावी बाजू चुकली तर परिणामही बदलतो.

मग आरटीएमएसचा उपयोग होतो की नाही? (कोल्हापूर)

दारूची ओढ काहींची कमी झालेली दिसते. विचारशक्तीबाबतचे निष्कर्ष एकमुखी नाहीत: अभ्यास लहान, मापं वेगळी, आणि तुलनेसाठी खोटी कॉइल लावलेल्यांचंही डोकं सुधारतं, कारण दारू थांबलेली असते. अमेरिकेच्या औषध नियामकानं ही पद्धत नैराश्यासाठी 2008 मध्ये आणि सिगारेट सोडण्यासाठी 2020 मध्ये मान्य केली, दारूसाठी नाही. त्यामुळं नालट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेटसारखी दारू सोडण्यासाठीची औषधं आणि समुपदेशन बंद करून कुणी फक्त यंत्राचं पॅकेज देत असेल तर घेऊ नका. पैसे भरण्याआधी विचारा: उपचाराआधी आणि नंतर स्मरणशक्तीची चाचणी घेणार का? कागदावर देणार का? घरबसल्या सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.