चित्राचे हाकेचे नाव

पंचवटी, नाशिक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू तुझ्या चित्रासाठी नावांची यादी घेऊन आलीस. ‘अंतर्नाद’, ‘विरक्ती’, ‘अस्तित्वाचे अवशेष’ अशी एकूण अकरा नावे होती आणि सर्वांत खाली ‘अनटायटल्ड ३’ होते. यातले कोणते चांगले वाटते, असे तू विचारलेस. मी काहीच बोललो नाही आणि तू हिरमुसून परत गेलीस, ते मला दोन दिवस टोचते आहे. उत्तर माझ्याजवळ होते. पण ते तोंडी सांगितले असते तर मी रागावून सांगितले असते, म्हणून लिहितो.

तुझे चित्र मी नीट पाहिले आहे. बुधवारचा बाजार उठल्यानंतरचा गोदाघाट, ओल्या गोणपाटावर बसलेली बाई, तिच्यापुढे कोथिंबिरीचा उरलेला एकच वाटा आणि तिच्यामागे पायरीवरून खाली गेलेला पाण्याचा ओघळ. त्या वाट्यातला हिरवा रंग तू तीनदा सुरीने खरवडून काढलास आणि चौथ्यांदा लावलास, तेव्हा कुठे त्या काड्या दिवसभर उन्हात बसल्यासारख्या मलूल दिसू लागल्या. आता तुझी यादी पुन्हा वाच. तिच्यात गोणपाट नाही, बाजार नाही, ती बाईही नाही. ही अकरा नावे कोणत्याही दालनातल्या कोणत्याही कॅनव्हासखाली चालतील, आणि म्हणूनच तुझ्या कॅनव्हासखाली त्यांतले एकही चालणार नाही.

चैत्रापासून तू मला फोन करते आहेस. “सर, वाटा अजून जमत नाही.” “सर, वाट्याची सावली फार निळी झाली.” “आज वाट्याला हात लावला नाही.” एकदाही तू ‘अंतर्नाद जमत नाही’ असे म्हणाली नाहीस. चित्र काढताना ज्या नावाने त्याला हाक मारलीस, तेच त्याचे नाव. पाळण्यातले नाव पत्रिकेत राहते. मूल मागे वळून पाहते ते अंगणातून मारलेल्या हाकेला.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या हातून नेमकी उलट गोष्ट घडली आहे. आमच्या गोदाकाठच्या जुन्या घरात १९६९ च्या महापुराची खूण भिंतीवर राहिली होती. कोनाड्याच्या वीतभर वर ती तपकिरी रेघ होती आणि तिच्यावरून बोट फिरवले तर गाळाची खर हाताला लागत असे. दरवर्षी घराला चुना लागायचा, पण आजी त्या रेघेवर कुंचला फिरवू देत नसे. पुढे मी ती भिंत रंगवली. त्या चित्रात कोनाडा, त्यातली विझलेली चिमणी आणि वरची ती रेघ, एवढेच होते. चार महिने घरात सगळे त्याला ‘रेघ’च म्हणत होते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले की, एवढ्या चित्राला वजनदार नाव हवे. मी ऐकले आणि ‘कालप्रवाह’ अशी चिठ्ठी लावली. लोक चिठ्ठी वाचत, मान डोलावत आणि पुढे जात. त्या रेघेजवळ वाकून कोणी पाहिले नाही, कारण काय समजायचे ते मी आधीच सांगून टाकले होते. चित्र विकले गेले. ते आज कोणाकडे आहे, मला माहीत नाही. मागच्या लाकडी पट्टीवर मी पेन्सिलीने ‘रेघ’ लिहिले होते आणि छापील चिठ्ठी नेमकी त्यावरच चिकटवली, हे मात्र मी विसरू शकलेलो नाही.

तू म्हणशील की, गणपतराव म्हात्रे यांच्या प्रसिद्ध शिल्पाचे नाव ‘मंदिरपथगामिनी’ आहे, मग भारदस्त नावात वाईट काय? काहीच नाही. संस्कृत शब्दांशी माझे भांडण नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना म्हात्र्यांनी ती स्त्री घडवली आणि ती पूजेला निघालेली आहे. मंदिर, वाट, चालणे, एवढेच ते नाव सांगते, आणि ते सगळे तिच्या उभे राहण्यात आहे. ‘विरक्ती’ तुझ्या चित्रात कुठे आहे, ते मला बोट ठेवून दाखव. ती बाई विरक्त नाही. तिला तो वाटा विकून घरी जायचे आहे.

‘अनटायटल्ड’ हा शब्द तर यादीतून आजच काढ. अमूर्त चित्रे काढणाऱ्या वासुदेव गायतोंडे यांनी आपली बहुतेक चित्रे शीर्षकाविना ठेवली, कारण त्या रंगांत नावाने बोट दाखवावे अशी वस्तूच नव्हती. तो निर्णय होता. तुझ्याकडे तो थकव्यातून आला आहे. शिवाय तू नाव दिले नाहीस, तर दुसरे कोणी तरी देईल. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४२ मध्ये नागरी सैनिकांच्या तुकडीचे मोठे चित्र पूर्ण केले. पुढे त्यावरचे वॉर्निश आणि धूळ काळवंडली, प्रसंग रात्रीचा वाटू लागला आणि लोकांनी त्याला ‘नाइट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा, म्हणायला सुरुवात केली. विसाव्या शतकात ते वॉर्निश उतरवल्यावर खाली दिवसाचा उजेड निघाला, पण नाव रात्रीचेच राहिले. मळाने दिलेले नाव इतके चिवट असते.

‘कालप्रवाह’नंतर मी एकाही चित्राचे नाव बदललेले नाही. एका संस्थेने माझे ‘रॉकेलचा डबा’ हे नाव बदलून मागितले, मी दिले नाही आणि ते चित्र भिंतीवर लागले नाही. अशा नावांमुळेच माझी चित्रे कमी विकली गेली, असे घरचेही म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांनी घेतली, त्यांनी डबा पाहून घेतली. आणि ती माणसे अजून फोन करून त्याची विचारपूस करतात. त्या हट्टाची किंमत मी मोजली, हे खरे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोजेन.

प्रदर्शनाच्या अर्जात इंग्रजी नावाचा रकाना आहे, म्हणून तू अडली आहेस, हे मला ठाऊक आहे. भाजीचा वाटा म्हणजे काय, हे सांगणारा एक शब्द इंग्रजीत मला सापडलेला नाही. ‘हीप’ म्हटले की नुसता ढीग होतो. बाईने हाताने मापून, जुडी सोडून, दहा रुपयांना म्हणून वेगळा मांडलेला तो वाटा त्यात उरत नाही. तेव्हा भाषांतर करू नकोस. रोमन लिपीत ‘वाटा’ असेच लिही आणि खाली माध्यम व माप दे. ‘शेवटचा’ हा शब्द पुढे जोडावा का, असा मोह तुला होईल. मलाही झाला. पण वाटा एकच उरला आहे, हे तू रंगाने दाखवले आहेस.

अर्ज शनिवारी जायचा आहे. त्याआधी कॅनव्हास उलटा कर आणि मागच्या पट्टीवर पेन्सिलीने नाव व तारीख लिही. संयोजकांची छापील चिठ्ठी आली की ती दुसऱ्या पट्टीवर चिकटव.

तुझा,
सर