सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आणि वेळ साधारण साडेअठरा ते एकोणीस तास, तोही मध्ये कुठेही न उतरता. हे अंतर चांगी ते जेएफके या दोन विमानतळांमधलं, पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ मोजलेलं आहे; वेळ वेळापत्रकातली. प्रत्यक्षात विमान या रेषेवरून जाईलच असं नाही. वाऱ्याचा फायदा घ्यायला ते बऱ्याचदा जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावरून लांबचा रस्ता धरतं, म्हणजे किलोमीटर वाढतात पण वेळ वाचतो. त्यामुळे रोजच्या उड्डाणात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरूनच चाला.

घड्याळाने मात्र फसू नका. न्यूयॉर्क उन्हाळ्यात १२ आणि हिवाळ्यात १३ तास मागे असतं. उन्हाळ्यात मध्यरात्री निघालात तर १९ तासांनी तिथे त्याच दिवशीचे सकाळचे ७ वाजलेले असतात! तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा केल्या तर सातच तास दिसतात.

या मार्गावरच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर विमानात १६१ आसनं आहेत: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच, तेव्हा स्वस्त तिकीट हवं असेल तर मध्ये विमान बदलणारा प्रवास बघा.