इमर्जन्सीसाठी घरात रायफल ठेवायची आहे, .३१५ घेऊ का .३०-०६?

तुम्ही लिहिलंय की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात शेतातच घर आहे, रात्री काय झालं तर पोलीस यायला तास जातो, गवे-डुकरं येतात, पूर येतो, म्हणून इमर्जन्सीसाठी एक रायफल घेऊन ठेवायची, तर .३१५ का .३०-०६ का साधी .२२ (हे रायफलचे प्रकार, आकडा साधारण नळीच्या मापाचा). मी निपाणी भागातला, आमच्या घरात आजोबांपासून लायसन्सची बारा बोअर डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक आहे, आता बाबांच्या नावावर, त्यामुळं जे बघितलंय ते सांगतो.

युट्यूबवर अमेरिकेतली लोकं एआर-१५ वगैरे सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली दाखवतात ते पहिलं डोक्यातनं काढा, साध्या लायसन्सवर ते मिळतच नाही. .३०३ नाही, ७.६२ नाही, ते सगळं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या माणसाला बंदी असलेलं. आपल्याकडं मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेले लोक गावोगावी आहेत, त्यातल्या कितीजणांना वाटतं की नोकरीत जे वागवलं तेच घरात ठेवता येईल, तसं नसतंय. आणि कर्नाटकाच्याच दक्षिणेतल्या कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातल्या कोडवा लोकांना लायसन्समधनं सूट आहे ती त्यांच्यापुरतीच, कर्नाटकात राहतो म्हणून आपल्याला लागू होत नाही.

मग राहिलं काय? .२२ ला धक्का नाही, हात बसवायला चांगली, पण डुकराला ती लागली तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उलट अंगावर येतं. .३१५ म्हणजे इशापूरच्या सरकारी फॅक्टरीची बोल्ट अॅक्शन, दर गोळीला हातानं खटका ओढून भरायची, दणकट आहे यात वाद नाही. .३०-०६ तिच्याहून जोरकस, खांद्याला धक्का जास्त आणि काडतुसं शोधत फिरावं लागतं. पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, या दोन्हींची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सांगायला नको, थ्री फेज लाइट रात्रीची असली की मध्यरात्री किती माणसं रानात पाणी पाजत उभी असतात, बॅटरी बंद करून बांधावर बसलेली असतात, उसात काहीतरी हाललं म्हणून तुम्ही रायफल चालवली तर फडाच्या पलीकडं कोण आहे ते दिसणार आहे का? म्हणून वस्तीवरच्या माणसाला मी रायफल सांगत नाही, बारा बोअर सांगतो. छऱ्याचा जोर चाळीस-पन्नास मीटरनंतर उतरत जातो, आणि एकाच बंदुकीत एलजी-एसजी म्हणजे मोठ्या छऱ्यापासून बारीक छऱ्यापर्यंत गरजेप्रमाणं काडतूस घालता येतं. तरीपण समोर काय आहे ते बघितल्याशिवाय चालवायची नाही, ते आलंच.

गव्याचं म्हणाल तर तो विषय बंदुकीचा नाहीच. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, जीवावर आलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला मारलं तर गोष्ट वेगळी, पीक खाल्लं म्हणून मारता येत नाही. त्यात तुमच्याकडं भीमगड अभयारण्य. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवीन लायसन्स द्यायचं असेल तर वनखात्याच्या मुख्य वन्यजीव अधिकाऱ्याची संमती आधी लागते. हे आधी विचारून घ्या, नाहीतर अर्ज पडून राहतोय आणि तुम्ही .३१५ का .३०-०६ यावर डोकं फोडत बसताय.

आता पुराचं सांगतो, कारण आमच्या घरानं ते भोगलंय. ऑगस्ट २०१९, वेदगंगेचं पाणी चढलं, यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली, रात्री ट्रॅक्टर आला आणि दहा मिनिटांत निघा म्हणाले. जायचं कुठं तर कागलला आत्याकडं, म्हणजे महाराष्ट्रात. आणि आमचं लायसन्स फक्त कर्नाटकापुरतं. आम्ही रोज भाजी आणायला, दवाखान्याला सीमा ओलांडतो, कुणाच्या ध्यानातपण येत नाही कुठं एक राज्य संपलं, पण त्या रात्री बंदुकीमुळं ती सीमा आली की ओ आडवी. घरात ठेवावी तर पाणी आणि चोरी, गेली तर जबाबदारी आमची. न्यावी तर कायदा मोडतोय. पुरातनं बाहेर काढलेल्यांची सोय केलेल्या शाळेत शंभर माणसं पोरंबाळं घेऊन झोपलेली, तिथं बंदूक घेऊन कसं जायचं? शेवटी आम्हाला ट्रॅक्टरवर घालून बाबा एकटेच मागं राहिले, शेजाऱ्याच्या स्लॅबवर, बंदूक पोत्यात गुंडाळून मांडीवर, पाऊस अंगावर घेत रात्रभर. ६३ वय होतं त्यांचं. सकाळी बोटीनं बाहेर काढलं तेव्हा पहिलं जाऊन ती पोलिसात जमा केली आणि मग चहा घेतला. बंदुकीच्या गडबडीत आईच्या बीपीच्या गोळ्या मात्र कपाटातच राहिल्या, आत्याकडं दोन दिवस तिचं डोकं गरगरत होतं. भिजलेली काडतुसं वाया गेली ती वेगळीच. बाबांची ती रात्र आठवली की मला अजून कसंतरी होतं.

इमर्जन्सीत आपल्याकडं माणूस घर सोडून जातोय, म्हणून मी तुम्हाला विचारतो, घर सोडताना ती कुणाच्या ताब्यात जाणार ते ठरवलंय का? घेणारच असाल तर बारा बोअर घ्या, भिंतीत पक्की बसवलेली कुलपाची लोखंडी पेटी करा, काडतुसं वेगळी ठेवा, उंचावर. लायसन्सवर कुठल्या भागासाठी ते लिहिलेलं असतं, अर्ज करतानाच पूर्ण भारतासाठी मागा, आपण सीमेवरचे आहोत, कारण दाखवायला अवघड नाही. हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, ते नुसता कागद म्हणून करू नका, मन लावून शिका. इलेक्शन लागलं की बहुतेक वेळा जमा करायला सांगतात, म्हणजे ते महिने-दोन महिने बंदूक घरात नसणारच, तेव्हाची सोय काय तेपण बघून ठेवा. लायसन्स आता ५ वर्षांचं असतं आणि एका माणसाला २ च बंदुका, त्यामुळं पहिली घेतानाच नीट घ्या.

तुमचं घर जंगलापासून किती लांब आहे आणि घरात दारू पिणारं किंवा लहान पोर कोण आहे का, एवढं सांगा, मग पुढचं बोलू.