अमेरिकेतून स्पेशल टीचरची ऑफर आलीय, जाऊ का?

प्रश्न: ताई, मी नाशिकला बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत बरीच वर्षं शिकवतेय, बीएड स्पेशल झालंय, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर आहे पण नोकरी कंत्राटी. एका एजन्सीचा मेसेज आला की अमेरिकेत स्पेशल टीचर मिळतच नाहीयेत, जे-1 व्हिसावर नेतो, नंतर एच-1बी (नोकरीचा व्हिसा) करून देतो, आधी साडेतीन लाख भरा. नवरा म्हणतो दागिने ठेवू गहाण. मुलगा सहावीत आहे. काय करू?

उत्तर: मागणी खरी आहे, त्याबद्दल शंका नको. अमेरिकेत 1975 पासून कायदा आहे की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेने फुकट आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिकवायचं, आज अशी साधारण 75 लाख मुलं आहेत, म्हणजे सरकारी शाळेतल्या दर 100 मुलांमागे 15. कायदा करताना केंद्र सरकारने सांगितलं होतं की जादा खर्चातला 40 टक्क्यांपर्यंतचा वाटा आम्ही उचलू, तो आकडा आजवर एकदाही गाठलेला नाही. मग एकेका शिक्षकावर मुलं जास्त, फाइली त्याहून जास्त, आणि तिकडची माणसं कंटाळून साध्या वर्गावर जातात नाहीतर शिकवणंच सोडतात. त्या रिकाम्या जागांवर बाहेरून माणसं आणतात, सगळ्यात जास्त फिलिपिन्समधून, आणि आपल्याकडच्यांनाही आता असे मेसेज येतायत.

काम तुम्हाला जमेल, हे मी मनापासून सांगते. तिकडे अशा प्रत्येक मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा लिहिलेला शिक्षणाचा आराखडा, असतो आणि त्यातलं ध्येय असं लिहितात: वर्गात आल्यावर, एकदाच तोंडी सांगितलं की, 5 पैकी 4 वेळा स्वतः बॅग उघडून डबा जागेवर ठेवेल. मग रोज शीटवर टिपायचं, जमलं का, किती मदत लागली. आपल्याकडे मुलाला काय काय जमतं ते टिपायच्या एफएसीपी चेकलिस्टवर सी (खुणेने), व्हीपी (तोंडी सांगून), पीपी (हात धरून) लिहून लिहून तुमचा हात बसलेला असणार, हे काही परकं नाही. परकं काय आहे तर कायद्याचा धाक. आयईपीत आठवड्याला अमुक मिनिटं शिकवायचं असं लिहिलं की ती द्यावीच लागतात, वर्षातून एकदा तरी आढावा, तीन वर्षांनी पुन्हा मूल्यमापन, मीटिंगला पालक आणि कधी त्यांचा वकीलसुद्धा, आणि हे सगळं तुम्हाला पहिल्याच महिन्यात इंग्रजीत करायचं असतं.

आता व्हिसा. जे-1 हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा आहे, तिकडे स्थायिक व्हायचा नाही. तीन वर्षं, फार तर वाढवून पाच, मग परत यायचं. एच-1बीसाठी शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) स्वतः अर्ज करावा लागतो, ते एजन्सीच्या हातात नाहीच, आणि सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून नवीन माणूस आणायचा तर 1 लाख डॉलर फी लावलीय, ती कुठली सरकारी शाळा भरणार? म्हणून तर बरेच जण जे-1 कडेच बघतात. तेव्हा "नंतर करून देतो" हे वाक्य ऐकलंच नाही असं समजून हिशेब मांडा.

आणि पैसे! कृपा करून दागिने ठेवू नका. लुइझियानात साधारण 350 फिलिपिनो शिक्षकांना एजन्सीने असंच नेलं होतं, एकेकाने 16 हजार डॉलरच्या आसपास भरले, तेही बहुतेकांनी कर्ज काढून, आणि शेवटी कोर्टात लढून 2012 मध्ये ज्युरीने त्यांना 45 लाख डॉलर भरपाई दिली. तोवर ती माणसं व्याजाखाली किती दबली असतील हा विचार मनातून जात नाही. जे-1 वर माणसं आणायची परवानगी असलेल्या संस्था, म्हणजे स्पॉन्सर, कोण, याची यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर उघडी आहे. तुमची एजन्सी त्यात आहे का बघा, नसेल तर ती कुठल्या स्पॉन्सरसाठी काम करते ते लेखी मागा, आणि थेट त्या स्पॉन्सरला मेल टाकून खात्री करा. साडेतीन लाखांत कशाचे किती, व्हिसा नाकारला तर किती परत, हेही कागदावर. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. शाळा-जिल्ह्याचं ऑफर लेटर, त्यात शाळेचं नाव, पगार, कुठल्या प्रकारची मुलं हे सगळं हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं. तीन वर्षांची पदवी अधिक बीएड असं धरून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, काही राज्यांत परीक्षाही असते. नवऱ्याला जे-2 वर (जे-1 वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) कामाची परवानगी मागता येते पण तिकडे पोचल्यावर, आणि ती यायला महिने जातात, तोवर एकाच पगारात घर चालवायचंय. मुलाला सरकारी शाळेत फी नाही. माझं मत विचाराल तर जा, पण साडेतीन लाख आधी भरून नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, टॅबवर बोटं ठेवून बोलतो. गेल्या वर्षी टीचर मध्येच सोडून गेली, दोन महिने नुसते बदली माणसं. आता फिलिपिन्सहून एक बाई आल्यात. बाकीचे पालक त्यांच्या उच्चारांबद्दल कुजबुजतात, मला भीती वेगळीच आहे, याही तीन वर्षांत जाणार ना?

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. उच्चारांचं सोडून द्या, टॅबवर बोलणारं मूल शिक्षकाचे हात, चेहरा आणि रोजचा ठरलेला क्रम यावरून शिकतं. पण माणूस बदलला की अशा मुलाचे महिनेच्या महिने मागे जातात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दर वेळी तितकाच त्रास होतो. बाहेरून शिक्षक आणायला माझा विरोध नाहीये, पण शाळा-जिल्हा तेवढ्यावरच थांबला, मूळच्या शिक्षकांवरचं ओझं कमी केलंच नाही, तर दर तीन वर्षांनी तुमच्या मुलाला नवा चेहरा, हे चालूच राहणार.

ते गेले दोन महिने मात्र सोडू नका. टीचर नव्हती म्हणून आयईपीतली सेवा माफ होत नाही. बुडालेले तास भरून द्या असं लेखी मागा, त्यासाठी वार्षिक मीटिंगची वाट बघायची गरज नाही, आयईपी मीटिंग पालक कधीही मागू शकतात. इंग्रजीत अवघडल्यासारखं होत असेल तर मराठी दुभाष्या मागा, तो शाळेने द्यायचा असतो, फुकट. आणि वर्गातल्या मदतनीस बाई बऱ्याचदा टीचरपेक्षा जास्त टिकतात, मुलाचा टॅब कसा सेट आहे, चिडला की काय करायचं, हे त्यांनाही शिकवायचं असं आयईपीतच लिहून घ्या. नव्या बाईंना घरी चहाला बोलवा हो, त्या एकट्या आल्यात.

प्रश्न: सातारा जिल्ह्यात आमच्या मुलीच्या शाळेत स्पेशल टीचर महिन्यातून एखादवेळ येतात. इथेच माणसं नाहीत आणि तुम्ही त्यांना अमेरिकेला जायला सांगता?

उत्तर: तुमचा राग मला कळतो, आणि तो नाशिकच्या ताईंवर नको, त्यांना इतकी वर्षं कंत्राटावर ठेवणाऱ्यांवर हवा. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्येच सांगितलं की किती विशेष मुलांमागे एक स्पेशल टीचर ते ठरवा, मग 2022 मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला 10 आणि उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक असं ठरवलं, आणि मार्च 2025 मध्ये कोर्टाने पुन्हा राज्यांना बजावलं की कायम पदं मंजूर करून जाहीर करा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: तालुक्यात विशेष गरजा असलेली मुलं किती, स्पेशल टीचरची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि तुमच्या शाळेला गेल्या वर्षभरात कुठल्या तारखांना भेट दिली. तारखा नक्की मागा, भेटवहीच्या झेरॉक्ससकट. उत्तर आलं की मला पाठवा, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.