प्रोटीन पावडरचा मोठा डबा आधी घेऊ नका
पहिल्यांदा छोटी पाकिटंच घ्या. कॅन्सरच्या केमोत जिभेची चव आठवड्याला बदलते. काल आवडलेलं चॉकलेट आज धातूसारखं लागतं. मी अख्खा डबा आणून बसले होते, वासानंच मळमळायचं! जेवणात मिसळायला बिनचवीची पावडर बरी. पण उकळत्या सूपात थेट टाकली की व्हे (दुधातलं प्रोटीन) फुटतं, गुठळ्या होतात. आधी थोड्या गार पाण्यात कालवा, सूप कोमट झाल्यावर घाला. दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट (जास्त गाळलेलं व्हे) पाहा, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी कमी. नुसत्या कोलॅजेनवर (प्राण्यांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन) भिस्त नको, त्यात ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा गरजेचा घटक नसतो. लेबलवर वनस्पतींचे अर्क दिसले किंवा किडनीचा त्रास असला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.