वाचकांचे प्रश्न : खोपा, वारूळ आणि विश्वाची रचना

प्रश्न : आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात सुगरणींचे खोपे लागतात. एवढ्याशा चोचीने विणलेला तो खोपा पाहिला की वाटते, खोप्यामागे सुगरण आहे तसे या विश्वामागेही कोणीतरी असलेच पाहिजे. निसर्गातले काही आकडे जरा इकडेतिकडे झाले असते तर जीवसृष्टी झालीच नसती, असे शास्त्रज्ञही म्हणतात असे वाचनात आले. मग ही रचना कोणीतरी केलेली आहे, हे सिद्ध झाले असे मानावे का?
(एक शेतकरी वाचक, जि. सातारा)

उत्तर : तुम्ही दिलेले उदाहरण इतके बोलके आहे की उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. खोपा विणतो तो नर. भाताच्या, उसाच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने चीर देतो आणि ती चीर धरून उडताना लांब धागा सोलून नेतो. खोपा टोपीएवढा झाला की माद्या येऊन पाहून जातात. एखादीला पसंत पडला तर नर खालची नळी विणून तो पुरा करतो, नाही तर तो अर्धवट सोडून दुसरा विणायला घेतो. तुमच्या बाभळीवर पुऱ्या खोप्यांच्या बरोबरीने हे टाकून दिलेले अर्धे खोपेही लोंबत असतील. पुढच्या पावसाळ्यात ते मुद्दाम मोजून पाहा. आपली नजर पुऱ्या खोप्यावर खिळते आणि त्याच्या रेखीवपणात आपल्याला योजना दिसते, पण तो रेखीवपणा किती नापसंतींतून गाळून आला आहे, हे त्या अर्ध्या खोप्यांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्यांचे खोपे वाऱ्यात टिकले आणि सापापासून वाचले त्यांची पिल्ले वाढली व त्यांचीच विणण्याची तऱ्हा पुढे चालत राहिली. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा गाभा एवढाच आहे. सजीवांच्या अंगी जी नेमकी, हेतुपूर्ण वाटणारी ठेवण दिसते, तिच्यासाठी आधी आराखडा करून ठेवणारा कोणी लागत नाही, हे त्यातून उघड झाले.

‘कार्य आहे म्हणजे कर्ता असलाच पाहिजे’ हा तुमचा युक्तिवाद आपल्याकडे फार जुना आहे. घडा आहे म्हणजे कुंभार आहे. पृथ्वी, पर्वत हीही घड्यासारखी कार्ये आहेत, म्हणून त्यांचाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणत. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने त्यांना दिलेले उत्तर मला आजही अत्यंत मार्मिक वाटते. मातीला आकार आला एवढ्यावरून जर कुंभाराचे अनुमान करायचे असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल, असे तो म्हणतो. घडा पाहून कुंभाराचे अनुमान आपण बरोबर करतो, कारण कुंभाराला घडा घडविताना आपण पाहिलेले असते. पण ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे लावता येतो म्हणून ते अनुमान घड्यावरून पर्वतावर नेता येत नाही. धर्मकीर्तीला ठाऊक नसलेली एक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे. वारूळ बांधणाऱ्या लाखो वाळव्यांपैकी एकीच्याही डोक्यात वारुळाचा नकाशा नसतो. जेथे आधीचा ओला मातीचा कण लागलेला असतो तेथे दुसरी आपला कण लावते, आणि एवढ्यातून भिंती, कमानी व हवा खेळती ठेवणारे बोगदे उभे राहतात. अर्थात वाद तेथे संपला नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या बाजूचा युक्तिवाद अधिक भक्कम करून मांडला, आणि त्यांची बुद्धिमत्ता धर्मकीर्तीहून तसूभरही कमी नव्हती. श्रद्धा म्हणजे विचार न करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी उदयनाचार्य अवश्य वाचावेत.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग तोच आहे. निसर्गात असे आकडे आहेत ही गोष्ट खरी आहे. अणुकेंद्रातल्या दोन कणांपैकी न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्यांनी जड आहे. हे उलट असते तर साधा हायड्रोजनही टिकला नसता, आणि मग पाणीही नसते. परंतु सर्वाधिक सांगितली जाते ती कार्बनची गोष्ट. ती सांगताना एक चूक हमखास होते, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

ताऱ्याच्या गाभ्यात तापमान १० कोटी अंशांच्या आसपास गेले की हेलियमची दोन अणुकेंद्रे जुळून बेरिलियम तयार होते, पण ते सेकंदाचा सुमारे एक कोटी अब्जावा भाग एवढाच काळ टिकते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन धडकले तरच कार्बन होतो. हे क्वचितच घडणार, मग जगात एवढा कार्बन आला कोठून? डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये असे सुचविले की, कार्बनच्या अणुकेंद्राला नेमक्या जागी, सुमारे ७६.५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप), एक ऊर्जापातळी असली पाहिजे, म्हणजे ही जुळणी कित्येक पटींनी सोपी होईल. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत शोध घेतला गेला आणि पातळी खरोखरच तेथे सापडली. हॉईल यांनी पुढे १९८१ मध्ये असेही लिहिले की, हे सारे पाहून कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातला असावा असे वाटते. आयुष्यभर धर्मसंस्थांपासून दूर राहिलेल्या माणसाचे हे शब्द असल्यामुळे ते फार उद्धृत होतात.

चूक अशी होते की, ‘माणूस जन्माला यायचा होता म्हणून ती पातळी तेथे असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी ओळखले’ असे सांगितले जाते. १९५३ मधल्या त्यांच्या युक्तिवादात जीवसृष्टीचा उल्लेखच नाही. विश्वात कार्बन भरपूर आहे हे निरीक्षण, आणि तो ताऱ्यांत तयार झाला असेल तर ही पातळी हवी हा निष्कर्ष, एवढेच त्यात होते. कोळशाचा एक तुकडा हातात असणे त्या भाकितासाठी पुरेसे होते. हेतूची गरज कोठेच लागली नाही. आणखी असे की, ही पातळी मुळीच हलता कामा नये, असेही नाही. १९८९ मध्ये केलेल्या गणितांत ती ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकवून पाहिली, तरी कार्बनच्या उत्पादनात फारसा फरक पडला नाही. त्याहून बरीच अधिक सरकवली तर मात्र पडतो. म्हणजे वाट अरुंद आहे हे खरे, पण सुईच्या नेढ्याएवढी अरुंद नाही.

तरीही हे आकडे असेच का, हा प्रश्न उरतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. या बाबतीत योहानेस केप्लर यांची हकिकत मला फार उद्बोधक वाटते. त्यांच्या काळी सहा ग्रह माहीत होते. ग्रह सहाच का आणि त्यांची अंतरे एवढीच का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १५९६ मध्ये त्यांनी असे मांडले की, सुसम घनाकृती, म्हणजे ज्यांच्या सर्व बाजू एकसारख्या असतात अशा, पाचच असतात, त्या एकात एक बसवल्या की त्यांच्या दरम्यान सहा ग्रहांच्या जागा तयार होतात, आणि हीच ईश्वराची भूमितीय योजना आहे. १७८१ मध्ये सातवा ग्रह, युरेनस, सापडला. आज आपण जाणतो की ग्रहांची संख्या आणि अंतरे सूर्याभोवतीच्या धुळीच्या व वायूच्या चकतीत कशी घडामोड झाली यावर ठरली. दुसऱ्या ताऱ्यांभोवती ती वेगळी आहेत. पण त्याच केप्लर यांनी १६०९ आणि १६१९ मध्ये ग्रहगतीचे जे नियम दिले ते आजही तसेच उभे आहेत. एकाच माणसाला पडलेल्या दोन प्रश्नांपैकी एक निव्वळ योगायोगाविषयीचा होता आणि दुसरा खऱ्या नियमाविषयीचा, आणि कोणता कोणता हे त्याला स्वतःला सांगता आले नसते. निसर्गाच्या आजच्या मूलभूत आकड्यांच्या बाबतीत आपण नेमके त्याच जागी उभे आहोत.

अनेक विश्वे आहेत, प्रत्येकात आकडे निराळे आहेत आणि जेथे जगता येते तेथेच आपण आहोत, असेही उत्तर काही शास्त्रज्ञ देतात. त्या दुसऱ्या विश्वांचे निरीक्षण करता येत नाही तोवर हे उत्तर आणि रचनाकाराचे उत्तर यांत मला फार अंतर दिसत नाही.

तेव्हा ‘सिद्ध झाले का?’ याचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. विश्व एकच पाहिलेले आहे. ते तयार होताना कोणी पाहिलेले नाही. आणि विश्वांत असे विश्व किती वेळा निघते याची मोजदाद करायला दुसरे विश्व हाताशी नाही. सुगरणीवरून विश्वकर्त्याकडे जाण्यासाठी जो पूल लागतो तो या तिन्ही ठिकाणी तुटलेला आहे. तुमची श्रद्धा त्यामुळे खोटी ठरत नाही, परंतु तिला भौतिकशास्त्राचा दाखला जोडू नये, असे मला मनापासून वाटते, कारण उद्या एखाद्या आकड्याचे साधे कारण सापडले तर श्रद्धेला उगाच धक्का बसेल.

प्रश्न : गेल्या वर्षी माझी चोवीस वर्षांची मुलगी आजारपणात गेली. भेटायला येणारे म्हणतात, यामागे देवाची काहीतरी योजना असेल. विश्वाला खरोखर काही प्रयोजन आहे का, आणि असले तर त्यात हे कसे बसते? ती संध्याकाळी गल्लीतल्या दोन मुलींना शिकवीत असे. त्या अजूनही येतात. मला जमेल तेवढे मी सांगते. परवा त्यांनी विचारले, तारे कशाचे असतात? मला सांगता आले नाही.
(एक भगिनी, नांदेड)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनतीन दिवस जवळ ठेवून मग हे लिहीत आहे.

प्रयोजनाचा प्रश्न वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी दुसऱ्या अध्यायात सरळ उचलला आहे. पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, ‘न प्रयोजनवत्त्वात्’ : जो काही करतो तो कशासाठी तरी करतो, आणि ज्याला काही हवे असते तो अपुरा असतो, मग परिपूर्ण ब्रह्म जग कशाला निर्माण करील? उत्तर येते, ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ : लोकांत दिसते तशी ही केवळ लीला आहे. शंकराचार्य भाष्यात दाखला देतात तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि त्याच्या जोडीला श्वासोच्छ्वासाचा. श्वास आपण कोणत्या बाहेरच्या हेतूने घेत नाही, तो चालतो. म्हणजे ईश्वर मानणाऱ्या या थोर परंपरेनेही विश्वाला ठरावीक उद्दिष्ट चिकटवलेले नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याला चिद्विलास, म्हणजे चैतन्याचा खेळ, म्हटले त्यातही विलास आहे, कोठे पोहोचण्याची घाई नाही. जिला ‘योजना’ म्हणतात ती, म्हणजे अमुक साधण्यासाठी अमुक माणसाला नेणे, ही कल्पना येथे मुळी बसतच नाही.

याच्या लगेच पुढच्या सूत्रात तुमचा दुसरा प्रश्न आहे. असे जग करणाऱ्यावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो, असा तो आक्षेप आहे, आणि ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो म्हणून दोष येत नाही, असे त्याचे उत्तर आहे. पुष्कळांना त्या उत्तराचा आधार वाटतो आणि तो मी काढून घेऊ इच्छित नाही. मला स्वतःला ते पटत नाही, कारण त्यातून गेलेल्याच्याच माथी काहीतरी येते. तुमच्या मुलीने काही केले म्हणून ती गेली, किंवा कोणाच्या हिशेबात तिचे जाणे उपयोगी होते म्हणून ती गेली, असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही. पेशींमध्ये बिघाड होतो, शरीर हरते. त्यात कोणाचा हेतू नसतो. येणारी माणसे प्रेमानेच बोलतात, पण ‘आम्हाला ठाऊक नाही’ असे म्हणायलाही आपल्याकडे फार मोठा आधार आहे. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताच्या शेवटी ऋषी म्हणतो की, ही सृष्टी कोठून झाली हे परम आकाशात असलेला तिचा अध्यक्षच जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल.

मुलींना हे सांगा. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या दोन वायूंचे असतात. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अजूनही हायड्रोजनच आहे. तारे म्हातारे झाले की त्यांच्या गाभ्यात हेलियमपासून कार्बन तयार होतो, तो ते अवकाशात सोडून देतात, आणि अशा जुन्या ताऱ्यांनी टाकलेल्या द्रव्याच्या ढगातून पुढे सूर्य व पृथ्वी झाली. त्यांच्या पेन्सिलीत जे असते त्याला आपण शिसे म्हणतो, पण ते शिसे नव्हे, ते ग्राफाईट आहे, म्हणजेच कार्बन. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. पेन्सिलीने वहीत ओढलेली रेघ ज्या अणूंची असते ते त्याच्याही आधीचे आहेत, हे त्यांना एक रेघ ओढायला लावूनच सांगा.