हिडकलवर शिकलात, आता कूर्मगड? छोट्या डिंगीने किनारा सोडण्याआधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दोघा मित्रांनी बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये शीड हाकायला शिकून घेतलं, चौदा फुटी जुनी डिंगी, म्हणजे शिडाची छोटी उघडी होडी, विकत घेतली. आता जानेवारीत ती ट्रेलरवर घालून अणशी घाटातून कारवारला न्यायची, काळी नदीच्या मुखातून निघायचं, समोरच्या कूर्मगड बेटाला फेरी मारून संध्याकाळपर्यंत परत यायचं. सोबत काय घ्यावं आणि किती आत गेलं तर चालेल?

सामानाचं नंतर बोलू. किती आत जायचं हे एकाच गोष्टीवर ठरवा. बोट उलटली, दोघंही दमलेले आहात, आसपास कुणी नाही, अशा वेळी ती उभी करून, पाणी उपसून, परत शीड धरून किनाऱ्याला लागता येतं का? जिथपर्यंत हे जमेल तिथपर्यंत तुमचा समुद्र. कूर्मगड किनाऱ्यावरून अगदी जवळ दिसतं, तीन-चार किलोमीटरच आहे, म्हणून फसायला होतं. याच पाण्यात जानेवारी 2019 मध्ये बेटावरच्या नृसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि 16 जण गेले. ती डिंगीपेक्षा कितीतरी मोठी बोट होती.

त्यामुळं पहिलं काम हिडकललाच करा. बोट मुद्दाम उलटवायची, आणि एकदा जमलं म्हणून थांबायचं नाही. पहिल्यांदा दम असतो, मजा असते, बोट उभी राहते. लगेच दुसऱ्यांदा उलटवा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी हात भरून येतात, ओलं जॅकेट काठाला अडकतं आणि छाती काठावर चढतच नाही. खरी परीक्षा ती. त्यावर साधा उपाय आहे. दोरीचा पाय बसेल एवढा फास टो स्ट्रॅपला (बाहेर रेलताना पाय अडकवायच्या पट्ट्याला) बांधून ठेवा, तो काठावरून पाण्यात सोडायचा, त्यात पाय रोवून वर यायचं. फास गुडघ्याच्या उंचीवर आला पाहिजे. फार खाली असला तर पाय बोटीखाली सरकतो आणि माणूस उताणा पडतो. कोरड्यावर एकदा मापून घ्या.

उभी करण्याची पद्धत दोघांची मिळून असते. दोन्ही शीट, म्हणजे शिडं ताणायच्या दोऱ्या, आधी मोकळ्या सोडा, नाहीतर उभी राहताच शीड वारा भरून घेतं आणि बोट पुन्हा आडवी होते. एकानं मेनशीटचं (मोठ्या शिडाच्या दोरीचं) टोक हातात धरून मागच्या बाजूनं फिरून डॅगरबोर्डपाशी, म्हणजे तळातून खाली उतरणाऱ्या उभ्या फळीपाशी, जायचं. दोरी सोडायची नाही, तीच बोटीशी तुमचं नातं टिकवते. दुसऱ्यानं आतल्या बाजूला, बसायच्या जागेशी पाण्यात पडून राहायचं, काहीही ओढायचं नाही. त्यानं पुढच्या शिडाची शीट बोटीवरून पलीकडं फेकायची. डॅगरबोर्डवरचा माणूस ती धरून, पाय बोर्डच्या मुळाशी ठेवून मागं रेलतो. बोर्डच्या टोकावर उभं राहू नका, जुनं बोर्ड तिथंच मोडतं. बोट उठू लागली की आतला माणूस आपोआप आत घेतला जातो, त्याच्या वजनामुळं ती पलीकडं कोसळत नाही. डोलकाठी वाऱ्याच्या दिशेला पडली असेल तर घाई करू नका. बोट फिरून नाक वाऱ्याकडं येऊ द्या, मग उठवा.

पूर्ण पालथी झाली तर काम दुप्पट होतं. पाच-दहा लिटरचा घट्ट बंद कॅन डोलकाठीच्या टोकाला बांधला तर ती सहसा आडवीच थांबते. दिसायला चांगलं दिसत नाही, पण बांधाच. हिडकलला हे आणखी गरजेचं आहे, कारण उथळ भागात पालथ्या बोटीची डोलकाठी गाळात रुतते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर तेव्हाच दिसतं ना! ते पावसाळ्यातही तिथंच असतं, फक्त पाण्याखाली, आणि डॅगरबोर्डला ते दिसत नाही. कुठे काय बुडालंय ते काठच्या मच्छीमारांना विचारून घ्या.

जुनी बोट आहे म्हणून अजून एक तपासणी. हवाबंद टाक्या खरंच हवाबंद आहेत का? बोट आडवी पाडून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग किनाऱ्यावर आणून टाकीचं झाकण उघडा. आत तांब्याभर पाणी असेल तर रबर बदला. बादलीभर असेल तर ती बोट समुद्रावर न्यायची नाही, दुरुस्ती होईपर्यंत विषय बंद. तरंगण्याची ताकदच नसेल तर वर लिहिलेलं सगळं निरुपयोगी आहे.

आता वारा. बेळगावकरांना पाऊस कळतो, समुद्रावरचा वारा शिकावा लागतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, कारवारला ते खरंच घड्याळासारखे चालतात. हिवाळ्यात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून पूर्वेचा. दहा-अकराच्या सुमारास पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, दोन ते चारच्या दरम्यान जोरात असतो, सूर्यास्ताला मरतो, आणि रात्री पुन्हा जमिनीवरून सुरू होतो. म्हणून सकाळी निघा, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत या. उशिरा निघालात तर संध्याकाळी वारा पडेल, पुढं अंधारात मतलई तुम्हाला आणखी आत लोटेल.

पण काही दिवशी मतलई थांबतच नाही. असा पूर्वेचा वारा सगळ्यात धोकादायक. किनाऱ्यावर झाडं, टेकड्या आड असल्यानं तो मऊ वाटतो, पाणीही काचेसारखं असतं. जसजसं आत जाल तसतसा तो वाढतो आणि परतीला समोरून येतो, टॅक करत, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवत नागमोडी, यावं लागतं. निघताना वारा पाठीवर असेल तर थांबून विचार करा, हाच वाढला तर परत येता येईल का? उत्तर नाही असेल तर त्या दिवशी नदीतच फिरा, सदाशिवगडाच्या पायथ्याशी भरपूर पाणी आहे.

किती वारा चालेल? तुम्हा दोघांसाठी पहिल्या वर्षी दहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर. वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीचा चौथा क्रमांक 11 ते 16 नॉटचा, त्यात लाटांवर पांढरे तुरे सगळीकडं दिसू लागतात. तुरे दिसले की परत फिरा. रीफ घ्यायची, म्हणजे शीड गुंडाळून लहान करायचं, असेल तर किनाऱ्यावरच घ्या, पाण्यात गेल्यावर "जरा बघू" म्हणत राहतो आणि मग हातच मोकळे नसतात. खाऱ्या वाऱ्यावर परतताना वारा पाठीमागून येतो, लाटाही मागून. तेव्हा जाइब करताना, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यात शीड एका बाजूवरून दुसरीकडं नेताना, बोटी उलटतात. वारा जास्त वाटला तर जाइब टाळून मोठ्या वळणानं टॅक करून दिशा बदला. वेळ लागेल, लागू द्या.

काळीच्या मुखाशी भरती-ओहोटी बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, वर कद्रा धरणातून सोडलेलं पाणी त्यात मिळतं, आणि दुपारचा वारा समोरून येतो. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की तिथं आखूड, उभ्या लाटा उठतात, चौदा फुटी बोटीला त्या पेलत नाहीत. दुपारी परतायची वेळ चढत्या पाण्यावर येईल असा दिवस निवडा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जास्त, भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या, दिवसांत कमी. पहिली फेरी भांगाच्या दिवसांत करा. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा. आणि सकाळी धक्क्यावर जाऊन तिथल्या माणसाला विचारा, "आज वारा कसा?" माजाळी-सदाशिवगडकडं कोकणी-मराठी दोन्ही चालते, भाषेची अडचण येत नाही. तो नको म्हणाला तर अ‍ॅप काहीही म्हणो, बोट ट्रेलरवरून उतरवू नका.

जाळी सांभाळा. झेंडे आणि थर्माकोलचे तरंग दिसले की दोन झेंड्यांमधून जाऊ नका, टोकाला वळसा घाला. अडकलातच तर बोर्ड आणि सुकाणू वर घ्या, जाळी कापू नका. कुणाच्या तरी घरचं अन्न आहे ते. किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर लांब दुसरीकडं लागा.

बैतकोलच्या, म्हणजे कारवार बंदराच्या, दक्षिणेला जायचंच नाही. तिकडं नौदलाचा कदंब तळ आहे, अंजदीव बेटही नौदलाच्या ताब्यात आहे. निघण्याआधी किनारी पोलिसांना कळवा, बोटीची कागदपत्रं आणि ओळखपत्रं पाण्यापासून बचावतील अशी सोबत ठेवा. अनोळखी शिडाची बोट म्हटल्यावर चौकशी होणारच, आणि ती व्हायलाच हवी.

सामान. जीवरक्षक जॅकेट बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं, निघण्यापासून परत येईपर्यंत. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते; 50 न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला आधार देतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड वर करत नाही. किनारा सोडणार असाल तर 100 किंवा 150 न्यूटनचं घ्या आणि पायांमधून जाणारा पट्टा लावा, नाहीतर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं. शिट्टी जॅकेटला बांधलेली, दोऱ्या कापायला चाकू हाताशी. एक बादली, दोरीनं बोटीला बांधलेली, न बांधलेली बादली बोट पहिल्यांदा उलटताच जाते. दोन वल्ही. नांगर, त्याला दोनेक मीटर साखळी आणि खोलीच्या निदान पाचपट दोरी, कारण वारा पडून बोट वाहू लागली तर तोच तुम्हाला जागेवर ठेवतो. माणशी तीन लिटर पाणी. परदेशी पुस्तकांत थंड पाण्याची भीती खूप लिहिलेली असते, आपल्याकडं पाणी कोमट आहे, आपल्याला ऊन आणि तहान आधी पाडते. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, मीठ-साखरेचं पाणी.

संपर्कासाठी दोन फोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या वॉटरप्रूफ पिशव्यांत आणि दोघांच्या अंगावर. बोटीच्या डब्यात ठेवलेला फोन उलटलेल्या बोटीखाली असतो. तटरक्षक दल 1554, किनारी पोलीस 1093, नाहीतर 112. गोव्याची हद्द जवळ आहे, म्हणून बोलताना आधी "कारवार, कूर्मगडाजवळ" म्हणा, मग माणसं किती, बोट उलटी की सुलटी, आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश. ते वाक्य कन्नडमध्येही तोंडपाठ करा, घाबरल्यावर शब्द आठवत नाहीत. हातातला व्हीएचएफ रेडिओ मिळाला तर चॅनल 16 उत्तम, पण परवाना लागतो. परदेशातून कुणी आणलेलं सॅटेलाइट उपकरण मात्र विनापरवाना वापरू नका, आपल्याकडं तो गुन्हा आहे.

बोट उभीच राहिली नाही तर तिला सोडून पोहत निघायचं नाही. किनारा कितीही जवळ दिसो. शोधणाऱ्याला लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, पालथी बोट मात्र लांबून दिसते. तळ पांढरा असेल तर फेसात हरवतो, म्हणून तळावर रुंद नारिंगी पट्टा मारून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी, किनाऱ्यावर एक माणूस. बायको, भाऊ, मित्र, कुणीही, पण त्या दिवशी त्याला दुसरं काम नको. त्याच्याकडं कागदावर लिहून द्या: किती वाजता निघालो, कुठल्या वाटेनं, बोटीचा आणि शिडाचा रंग, किती वाजता परतणार. परतायची वेळ टळून अर्धा तास झाला आणि फोन लागत नसेल तर त्यानं धक्क्यावरच्या मच्छीमारांना सांगायचं, तासाभरानं 1554 ला फोन करायचा. वाट बघत बसू नये, तुम्ही रागवाल म्हणून संकोच करू नये, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं काम तुमचं.

हिडकलच्या दोन गोष्टी राहिल्या. काठावर शेतीच्या पंपांच्या विजेच्या तारा खाली लोंबतात. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी उभी करून ट्रेलर ढकलू नका, आधी वर बघा. आणि मार्च ते मे वळवाचे ढग चढू लागले की वारा पाच मिनिटांत उलटतो. गडगडाट ऐकू आला की किनाऱ्याला या, शीड उतरवा. जलाशयावर उतरायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती घेऊनच जा. राकसकोपच्या जलाशयावर तर नकोच, बेळगाव शहर ते पाणी पितं.

माझा सल्ला असा: जानेवारीत कारवारला या जरूर, पण पहिले दोन दिवस नदीच्या आत आणि मुखाशी फिरा. तिसऱ्या दिवशी वारा साथ देत असेल तर तिथल्या एखाद्या मच्छीमाराची इंजिनाची होडी भाड्यानं सोबत घ्या आणि कूर्मगडाला जा. होडी मागं असली तरी बोट स्वतःहून उलटवून उभी करणं एकदा तिथल्या लाटांत करून बघा. बोट कुठल्या बनावटीची आहे आणि शिडाला रीफच्या कड्या आहेत का ते कळवा. नसतील तर बेळगावात ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्या कशा बसवून घ्यायच्या ते मापासकट सांगतो.